भीमाबाई गप्प व्हायच्या ती जागा

मंडळी, इस्लापूरहून आत्ताच नांदेडला परतलेय. अंग दुखतंय, पण आज लई अभिमान वाटतोय, म्हणून आधी हे लिहिते.

आमच्या संस्थेच्या लोककथांच्या संग्रहात भीमाबाईंनी सांगितलेल्या गोष्टींची जुनी कॅसेट आहे. बाई कधीच वारल्या. आज त्यांची एक गोष्ट त्यांच्या लेकीला, गंगाबाईंना ऐकवायला गेले होते.

रेकॉर्डिंगमध्ये दर वाक्याला भीमाबाई गप्प होतात. "ह्या रिकाम्या जागा काप, लोक कंटाळतील," असं ऑफिसात सगळे सांगत होते. मी औशाची, हट्टी. नाही कापल्या.

अंगणात स्पीकर लावला. "एक होती खेकडीण," भीमाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"हां," गंगाबाई बोलल्या.

"ती राहायची धबधब्याखाली."

"हां!" आता सुना, नातवंडं, शेजारणी, सगळ्यांनीच.

मग मला कळलं. इथं समोरच्यानं हां म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं जातच नाही. टेप करणाऱ्याला ते ठाऊक नसावं. तो गप्प बसला आणि बाई दर वाक्याला वाट बघत राहिल्या.

गोष्ट संपल्यावर गंगाबाईंनी स्पीकरवरून हात फिरवला. "मही माय इतकी वर्षं वाट पाहून राहिली व्हती, बघा."

आता ती गोष्ट त्या घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आहे, रिकाम्या जागांसकट.

तुमच्या घरी गोष्ट कोण सांगायचं? आणि हां कोण म्हणायचं?