घरातला गिलास

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बाईला आमच्याकडे मान असतो, पण 'माहितीपट काढते' म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. हिंगोलीहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये एका म्हाताऱ्यानं माझा कॅमेरा पाहून विचारलं, "लगीन कोनाचं हाय?" मी म्हटलं, लग्न नाही, हळद काढणाऱ्या बायकांवर सिनेमा काढतेय. "मंग हळद हाय तर नवरी कोन?" जीप हसली. मीही ठसक्यात म्हटलं, "माझी माय."

ते खरंच होतं. माय गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे टोळीबरोबर हळद काढायला जाते. मी चार दिवस तिच्यामागं फिरले. उकरलेले गड्डे, त्यांच्यापासून हळकुंडं मोडणारी बोटं, हातांचे पिवळे तळवे, हळद शिजवायचा वाफाळणारा कुकर, सगळं घेतलं. पिवळे तळवे तर इतके घेतले की शेवटी माझाच मला कंटाळा आला. अन्याय शोधायला निघालेल्या माणसाला तळव्यांच्या पलीकडे काही दिसू नये, म्हणजे कमालच.

दिसलं ते घरी, लॅपटॉपवर. चहाची सुट्टी होती. मालकीणबाई आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरातून, किटली घेऊन आल्या. टोळीतल्या काही बायकांना त्यांनी घरातल्या स्टीलच्या गिलासात चहा दिला. आमच्या वस्तीतल्या बायकांनी भाकरीच्या फडक्यातून आपापले गिलास काढले आणि मालकीणबाईंनी त्यात वरून चहा ओतला. मायही त्यांच्यात होती. तो गिलास मी जन्मापासून पाहत आले होते. लहानपणी विचारलं तर म्हणायची, "आपला गिलास सोच्छ असतो." मी ते खरं मानलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"माय, खरं सांग, गिलास काहून नेतेस?"

"पयले त्यायनं आपल्यासाठी येगळे कप ठेवले व्हते, बाहेर, वळचणीला खोसून. पिऊन आपणच धुवायचे अन् पालथे घालायचे. त्या कपाला हात लावण्यापरीस घरून नेलेला बरा न्हाई का?"

म्हणजे ज्याला मी स्वच्छता समजत होते, तो तिचा ताठा होता. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकदम. हे दृश्य ठेवलं तर मालक तिला पुन्हा कामावर बोलावणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. गावात दुसरी एवढी हळद कुणाची नाही. सकाळी चूल पेटवताना माय म्हणाली, "दाखव. पर मला रडतानी दाखवू नको."

"तू कुठं रडलीस?"

"मंग बराबर हाय."

सिनेमा तयार झाल्यावर वस्तीतल्या बुद्धविहारासमोर पांढरा पडदा लावला. आपलं शेत सिनेमात आलंय म्हणून मालक सहकुटुंब आले आणि पुढच्या खुर्च्यांवर बसले. चहाचं दृश्य मी मुद्दाम लांब ठेवलं होतं, एकही शब्द न घालता. मालकीणबाई पदर सावरत उठल्या. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "लई हुशार झालीस, पोरी." तेवढ्यात मागून मायचा आवाज आला, "बसा की मालक, आजून हळद शिजायची हाय." लोक हसले. मालक बसले, पण मालकीणबाई गेल्या.

पुढचे काही दिवस कामाचा निरोप आला नाही. माय दाराकडे पाहायची आणि मी तिच्याकडे. मग निरोप आला. हळद जमिनीत वाट पाहत बसत नाही, आणि मायइतका चलाख हात मालकांना तरी कुठं मिळणार?

त्या दिवशी मी पोटासाठी हिंगोलीतल्या एका लग्नात कुणाच्या तरी मामाचा आहेर चित्रित करत होते. त्यामुळे पुढचं मायनं सांगितलं तेवढंच माझ्याकडे आहे. चहा आला तो कागदी कपांत. सगळ्यांना सारखा. आमच्या वस्तीतल्या काहीजणी खूषही झाल्या. मायनं आपला गिलास मुद्दामच घरी ठेवला होता. तिनं कागदी कप बांधावर ठेवला आणि म्हणाली, "मालकीणबाई, मला घरातल्या गिलासात आणा. मी थांबते."

"कागदाच्यात काय वाईट हाय?"

"वाईट काईच न्हाई. पर या बायकायला इतके दिवस स्टीलचा व्हता. तोच आणा."

शेजारी स्टीलच्या गिलासवाल्या बायकांपैकी एक बसली होती. तिनंही आपला कप खाली ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी ठेवले. कुकरपाशी उभे असलेले मालक ओरडले, तरी एकही बाई गड्ड्यांकडे वळली नाही. शेवटी मालकीणबाई आखाड्याकडे गेल्या.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. आणले गिलास."

"आणि चहा?"

"गार झालता. साखर बी कमी." माय पायाचे तळवे चोळत म्हणाली, "पर सगळा पेले. अन् गिलास धुतला न्हाई. तिथंच ठेवला अन् कामाला लागले."