रिकामी काठी

होडी खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा लाल फडकं माझ्या हातात होतं आणि काठी रिकामी होती. शेजारी पोलीस उभा होता. सासू माझा दंड ओढत होती.

"चढव गो! तुजा दीर हाय त्यात!"

"चढवलंत तर मला वर लिहावं लागेल," पोलीस म्हणाला. "मग नवरा कसा सुटतो ते बघा."

मी चढवलं नाही.

आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे. ओहोटीला त्यावर गुडघाभर पाणी उरतं आणि लाट फुटते. समुद्रातून येणाऱ्याला लाटेची पाठ दिसते, फुटलेलं तोंड दिसत नाही. ते किनाऱ्यावरूनच दिसतं. आमचं घर शेवटचं आणि उंचावर, म्हणून बघण्याचं काम आमच्या घरच्या बाईकडे. आधी सासूच्या सासूकडे, मग सासूकडे, मग माझ्याकडे. काठीवर लाल फडकं म्हणजे बाहेर थांबा, भरती येऊ द्या. काठी रिकामी म्हणजे या. होडी पुरुष चालवायचे, पण आत यायचं की नाही ते बाई सांगायची.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. किनाऱ्यावर चोरटा माल उतरतो, हेर उतरतात, असं बोर्लीच्या बाजारात बोलायचे. त्या उन्हाळ्यात एक माणूस माझ्याकडे सुका जवळा घ्यायला आला. वाळू आहे का ते पाहिलं नाही, वास घेतला नाही, तसाच पिशवीत भरला. हा आज बायकोच्या शिव्या खाणार, असं मला वाटलं. त्याने काठीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाला?"

मी जवळा निवडता निवडता म्हटलं, "या खाडीत कोन येल नि कोन न्हाय ते आमी ठरवतो. सरकारबी न्हाय."

तो हसला, मीही हसले. आणखी दोनदा येऊन गेला. मला वाटलं, गिऱ्हाईक लागलं.

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्यात नवऱ्याला धरून नेलं. खटला नाही, साक्षीदार नाही. तुरुंगात त्याच्या हातात एक कागद दिला. तो इंग्रजीत होता, अलिबागच्या वकिलाने मला मराठीत वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की हा इसम परक्या बोटींना खुणा करून खाडीत घेतो आणि इथे कोण येईल ते आपण ठरवतो, सरकार नाही, असं उघड सांगतो.

ते माझं बोलणं होतं. बाई असं ठरवत असेल हे त्या माणसाला पटलं नसणार. त्याने ते नवऱ्याच्या तोंडी घातलं.

"वकीलसाहेब, ह्ये मी बोल्ले. मला धरा नि त्यांना सोडा."

"बाई, हळू बोला. दोघांनाही ठेवतील."

"खबर कोनी दिली?"

"ते सांगत नाहीत. तीन न्यायाधीशांचं मंडळ आहे, ते गुप्त पोलिसांचा अहवाल बघेल. तो तुम्हाला बघता येत नाही, मलाही नाही."

"मंग त्यात खोटं आसलं तर सांगनार कोन?"

वकिलाने चष्मा काढून पुसला आणि पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.

भेटीला गेले तेव्हा नवरा खोकत होता. फडक्यात रक्त होतं. मंडळ महिनाभराने बसणार होतं आणि तोवर घरून काही वावगं होऊ नये, एवढंच वकिलाने बजावलं होतं. त्यातच एका सकाळी, होड्या बाहेर गेल्यावर, चौकीचा पोलीस आला. काठीवर काही लावायचं नाही, असा वरून हुकूम होता. मी त्याला म्हटलं, "आरं, रिकामी काठी म्हंजे या, आसा अर्थ हाय. होड्या येतील ना!"

"मला हुकूम वाचता येतो, अर्थ नाही," तो म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता.

दुपारी ओहोटीला दिराची होडी पहिली आली. दिराने काठीकडे पाहिलं असणार. रोज बघायचा.

सासूने तीन हाका मारल्या तेवढा वेळ मी तशीच उभी राहिले. मग तिने फडकं माझ्या हातातून हिसकावलं आणि स्वतः चढवलं. होडी वळायला गेली आणि लाटेत आडवी सापडली. न वळता सरळ आली असती तर कदाचित निघाली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पोलिसाने टोपी फेकली आणि पाण्यात धावला.

पंचनामा झाला. खुणेचं फडकं वेळेवर न लागल्याने होडी बांधावर उलटली, असं त्यात आलं. वकिलाने तो कागद मंडळापुढे ठेवला. फडकं परक्या बोटींसाठी नव्हतं, हे त्या कागदावरून सिद्ध झालं आणि नवऱ्याला सोडलं.

शाळेत रांग लावून आम्ही ज्याला मत दिलं होतं, त्याच्याकडे मी गेले. अहवाल लिहिणारा कोण, एवढंच मला हवं होतं. त्याने सभागृहात विचारलं. लेखी उत्तर आलं. चौथीपर्यंत शिकले आहे, मीच वाचलं. सार्वजनिक हितासाठी माहिती देता येत नाही, असं होतं. त्याला म्हटलं, "तुमाला तरी दावतात का?" तो म्हणाला, "नाही हो."

सासू मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फडकं पुन्हा तीच लावू लागली.

होडीत तिघे होते. दीर गेला, सुकाणू धरणारा तांडेल गेला. तिसऱ्याला पोलिसाने केस धरून बाहेर काढलं, तो वाचला. नवरा वाचला. मी आहे.