न फुटलेल्या डोक्यांवरच्या पट्ट्या

डोक्याला साधं खरचटलेलंही नसताना मी एकदा डोक्याला पट्टी बांधून फुटबॉल खेळलो आहे. मी एकटाच नव्हे, आमचा अख्खा संघ. अकरा जण, अकरा पट्ट्या, आणि त्यांतलं फुटलेलं डोकं एकच.

हल्ली परदेशातली मॅच सुरू होण्याआधी खेळाडू मैदानात एक गुडघा टेकून बसतात. काळ्या माणसाला कमी लेखण्याचा निषेध म्हणून. माझ्या मुलीला ते फार आवडतं. परवा ती म्हणाली, "बाबा, ह्यानं खरंच काही बदलत असेल का हो?" मी म्हटलं, "मॅच बघ." ती म्हणाली, "निदान करतात तरी." त्यावर मी तिच्यावर असा खेकसलो की तिनं टीव्हीच बंद केला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. तिच्यावर रागावण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. तिला तेव्हा सांगायला हवं होतं ते इथं लिहितो.

आमचा गाव गोव्यातला, डिचोली आणि साखळीच्या मधला. खाणीचा गाव. दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि लाल धूळ माणसांवर, केळींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. आमच्या संघाचा गोलकीपर त्यांतल्याच एका ट्रकवर ड्रायव्हर होता. बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याशा खेड्यातला, माझ्याच वयाचा, तेवीस-चोवीसचा. खाणीखालच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचा. कुस्तीचं अंग, आणि उडी अशी की बघत राहावं. डाव्या हाताची करंगळी एकदा मोडून वाकडीच सांधली गेली होती, त्यामुळे चेंडू धरला की ती बाजूला उभी राहायची. तो आल्यापासून आम्ही सामने जिंकायला लागलो.

घाटापलीकडून आलेला म्हणून त्याला आम्ही घाटी म्हणायचो. "घाट्या, बॉल दे." "घाट्या, पाणी हाड," म्हणजे पाणी आण. प्रेमानं म्हणतो असं आम्हांला वाटायचं. तो मला मर्दा म्हणायचा. सामना जिंकल्यावर कॅप्टनच्या घरी सगळ्यांना पाव-भाजी मिळायची. आम्ही आत मेजाशी बसायचो, तो बाहेर सोप्यावर. कोणी बस म्हटलं नव्हतं, कोणी उठ म्हटलं नव्हतं. आपोआप तसं व्हायचं, आणि आपोआप होणाऱ्या गोष्टी मला त्या वयात दिसत नसत.

गोवा घटकराज्य व्हायच्या आदल्या डिसेंबरात भाषेचं रण पेटलं. राजभाषा कोंकणी की मराठी. आम्ही मराठीवाले. घरात बोलायचो कोंकणी, पाटीवर लिहायचो मराठी, देवळात आरती मराठी, भांडण मात्र पुन्हा कोंकणीत. तेव्हा यात कोणाला काही गंमत वाटली नाही. बसेस फुटत होत्या, रस्ते बंद होत होते. माणसं मेल्याच्या बातम्या येत होत्या, आणि खरं सांगायचं तर आमच्या रक्ताला उकळी फुटली होती. कोणाला तरी हाणावं असं सकाळी उठल्यापासून वाटायचं.

बंदच्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जणांनी सड्याखालच्या वळणावर सुरंगीचं एक जुनं झाड तोडून रस्त्यात आडवं पाडलं. शेवटचे घाव माझे. पुढारी आमचा कॅप्टन. बापाचं दुकान असलेला, बोलायला गोड, रडायला हळवा आणि चिडला की आंधळा. दहाच्या सुमारास एक रिकामा ट्रक वळणावर आला. बंद असला तरी जेटीवरची खनिज नेणारी बार्ज थांबत नाही, म्हणून ठेकेदारानं ड्रायव्हरला दमदाटी करून ट्रक काढायला लावला होता. हे आम्हांला मागाहून कळलं. तेव्हा दिसला तो फक्त बंद मोडणारा ट्रक.

"उतर सकयल, घाट्या!" कॅप्टन ओरडला.

आत कोण आहे ते त्यानं ओळखलं नव्हतं. ड्रायव्हरच्या नाकातोंडावर फडकं बांधलेलं, भुवयांपर्यंत लाल धूळ. त्या धुळीत सगळे ड्रायव्हर एकसारखे दिसायचे. पण दाराच्या काठावर त्याचा डावा हात होता आणि करंगळी बाजूला उभी होती. ती मी पाहिली. मी ओळखलं.

मी ओरडलो असतो तर तिथंच थांबलं असतं. तो आपला कीपर, एवढे तीन शब्द. मी गप्प राहिलो. का ते मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. भीती होती म्हणावं, तर मला तिथं कोण मारणार होतं? मला त्या क्षणी मारामारी हवी होती, एवढंच खरं आहे.

त्याला खाली ओढलं. तो म्हणत होता, "मी बी मराठीच की ओ, मी बी मराठीच." कोणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. कॅप्टननं ट्रकातलाच जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. आवाज नारळ फोडल्यासारखा आला. दुसरा घाव खांद्यावर. त्याचं फडकं सुटलं, धुळीतून रक्ताची धार नाकावर आली, आणि मग कॅप्टनला दिसलं कोण आहे ते. त्याच्या हातून दांडा गळून पडला. पण मागच्यांचा जोर ओसरला नव्हता, त्यांनी लाथा घातल्या. तो झाडाच्या फांद्यांत सरपटत गेला. त्यानंतर कोणीतरी टाकीवर पेटता बोळा टाकला आणि ट्रक धडाधडा पेटला.

मराठीसाठी आम्ही झाड तोडलं आणि त्याच झाडापाशी एका मराठी माणसाला कोंकणीत शिव्या देत मारलं. हे वाक्य आज मला लिहिता येतं. त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा जेवलो.

त्याच्या डोक्याला नऊ टाके पडले. आठवडाभरानं कळलं की ठेकेदारानं हात झटकलेत. ड्रायव्हर दंगेखोरांना सामील होता, ट्रक त्यानंच पेटवला, अशी तक्रार ठेकेदारानं दिली होती. चोराच्या उलट्या बोंबा. पत्र्याची खोली गेली, काम गेलं, आणि पोलिसांनी त्याचं नाव जाळपोळीच्या यादीत घातलं. त्याला त्यातून सोडवायला एकच गोष्ट पुरेशी होती. वळणावर हजर असलेल्या गावच्या एका माणसानं, फक्त एका, सांगायचं की आधी ह्याला मारलं आणि ट्रक नंतर पेटला. घाट्यांपैकी कोणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथं दुसरा घाटी नव्हताच.

तंटा जरा निवला आणि बंदमुळे अडकून पडलेली स्पर्धेची अंतिम लढत ठरली. समोर वाळपईकडचा संघ. कीपर टाक्यांवर पट्टी बांधून खेळायला आला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. त्याला पाहून कॅप्टनचे डोळे भरले. तो सोंग करत नव्हता, हे मला आजही मान्य आहे.

"आमी सगळेच पट्टी बांदूंया," तो म्हणाला. "ताका एकट्याक सोडचो ना."

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं गॉजची दोन बंडलं दिली. आम्ही एकमेकांच्या डोक्यांना पट्ट्या बांधल्या. कोणी कपाळावर, कोणी कानावरून तिरकी. एकानं तर लाल औषधाचा ठिपकाही लावला. आम्ही रांगेत मैदानात आलो तेव्हा क्षणभर लोकांना कळेना. मग कळलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या अंगावर काटा आला. वाळपईचे खेळाडूही टाळ्या वाजवत होते. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यानं माइकवरून सांगितलं की खेळाला भाषा नसते, प्रांत नसतो, आणि ह्या गावानं आज गोव्याला धडा दिला. साखळीच्या फोटोवाल्यानं फोटो काढला. मी कीपरच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. जो खांदा दांड्यानं सुजला होता, त्याच खांद्यावर. तो जरासा कळवळला आणि हसला. मला रडू आलं. तेही खरं होतं. खोटं रडू आलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्या रडण्याच्या आड मला स्वतःला सांभाळून घेता आलं नसतं.

पहिल्या हाफमध्ये त्यानं तीन गोल वाचवले. गोलच्या मागं आमचीच माणसं ओरडत होती, "वा रे घाट्या!" दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. तो मुठीनं चेंडू मारायला उडाला आणि त्यांच्या फॉरवर्डचं कोपर त्याच्या पट्टीवर बसलं. टाके उसवले. रक्त डोळ्यात उतरलं, तो हातानं पुसत होता तेवढ्यात चेंडू पुन्हा आला आणि आत गेला. आम्ही एका गोलनं हरलो. गोलच्या मागून पहिली हाक आली ती अशी, "घाटी तो घाटीच." दुसरी आली, "पैसे खाल्ले रे." थुंकी कोणाची होती ते कळलं नाही.

सामना संपल्यावर मी शाळेच्या पडवीत बूट सोडत बसलो होतो. बाकीचे पलीकडे नळावर होते. तो माझ्यापाशी आला. बनियनच्या आतून त्यानं घडी केलेला एक कागद काढला, घामानं ओला.

"मर्दा, एक काम हुतं," तो म्हणाला. "साखळीच्या एका मास्तरांकडनं लिवून घेतलंय. हितं सही कर. उद्या ठाण्यात बोलावलंय मला."

मी कागद वाचला. चार ओळी होत्या. कॅप्टनचं नाव नव्हतं.

"कुणाचंच नाव नगं," तो म्हणाला. "मला आदी मारलं आन मग ट्रक पेटला, एवढंच. तू बघितलंयस न्हवं? मी तुला बघितलं हुतं. तू माज्या हाताकडं बघत हुतास."

त्याला सगळं माहीत होतं. तरीही तो माझ्याकडेच आला होता, कारण बाकी कोणाकडे जाणार? मी म्हटलं, उद्या बघू. तो म्हणाला, उद्याच तर बोलावलंय. मी म्हटलं, सरकारी जागांसाठी अर्ज केलाय, राज्य झालं की भरती आहे, पोलिसांच्या कागदावर नाव आलं तर माझं काय होईल? तो कागदावर सहीच्या जागी बोट ठेवून उभा होता. त्याचं ते बोट मला सहन होईना, आणि मी आवाज चढवला.

"आणि आम्ही काही केलंच नाही का रे? सगळ्यांनी तुझ्यासाठी पट्ट्या बांधल्या. सगळ्या गावासमोर. आणखी काय करायचं आम्ही?"

त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"काढ की वाईच," तो म्हणाला. "बघू तरी कुठं लागलंय."

मी हललो नाही. त्यानं माझी पट्टी धरून उपसली, डोळ्यांवरून, नाकावरून खाली. मग चेंडूला मारायचा तशी मूठ माझ्या भुवईवर मारली. मी बाकावरून मागं भिंतीवर आदळलो. डोळ्यापुढं काजवे चमकले आणि कोमट काहीतरी गालावर ओघळलं. त्यानं पट्टी माझ्या मांडीवर टाकली.

"आता बांध, पात्रांव," तो म्हणाला.

पात्रांव म्हणजे मालक. मला तो कधीच तसं म्हणाला नव्हता.

नळावरून सगळे धावत आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की घाट्यानं आपल्या माणसाचं रक्त काढलं. ते त्याच्यावर तुटून पडले. पायांत अजून खिळ्यांचे बूट होते. कॅप्टननं त्याला केसांना धरून पडवीच्या पायऱ्यांवर आपटलं. कोणीतरी त्याच्या हातांवर उभं राहून नाचलं, आणि हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मारणाऱ्या नऊ जणांच्या डोक्यांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. काहींच्या सुटून गळ्यात आल्या होत्या, तरी ते लाथा घालत होते. "थांबा" म्हणणं ह्या वेळीही माझ्याच हातात होतं. मी भुवई दाबून बसून राहिलो. दुखत होतं, आणि मारतायत ते बरं वाटत होतं. हेही लिहिलंच पाहिजे.

बंदोबस्ताला आलेला हवालदार शिट्टी फुंकत आला. त्यानं सगळ्यांना बाजूला केलं. पायरीवर पडलेल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि माझ्यापाशी येऊन विचारलं, "कोणें मारलें तुका?"

मी बोट दाखवलं.

हवालदारानं शाळेतून मेज बाहेर आणवलं, खिशातून पेन काढलं आणि तिथंच फिर्याद लिहायला घेतली. मास्तरानं चार ओळी लिहायला कदाचित दिवस घेतला असेल, ह्यानं पानभर मजकूर दहा मिनिटांत लिहिला. त्यात वळणावरचा ट्रकही आला. आरोपी आधीपासूनच दंगेखोर आहे, असं एक वाक्य आलं. ते मी वाचलं.

"साक्षीदार कोण आसा?" त्यानं विचारलं.

नऊच्या नऊ जण पुढं झाले. वळणावर त्यांतल्या एकालाही काही दिसलं नव्हतं, ह्या वेळी प्रत्येकाला सगळं दिसलं होतं. कॅप्टन तर कोणत्या हातानं मारलं तेही सांगत होता.

ओल्या घडीचा तो कागद पडवीत कोणाच्या तरी बुटाखाली चिकटून पडला होता. पायरीवरून कीपर माझ्याकडे बघत होता. एक डोळा बंद झाला होता, दुसरा उघडा होता. हवालदारानं पेन माझ्यापुढं धरलं आणि मी फिर्यादीखाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट, गावासकट.