गडचिरोली स्टेशनावरून सुटलेली गाडी

आमच्या क्लबात रुळांपेक्षा किस्से लांब आहेत. रूळ निदान बसून जोडावे लागतात, किस्से आपोआप जुळत जातात! दर रविवारी चार माणसं जमतात, चहा होतो, एखादी गाडी घसरते आणि पुढच्या रविवारी हसायची सोय होते.

क्लब कसला, तर खेळण्यातल्या रेल्वेचा. तोही गडचिरोलीत! हसा, सगळेच हसतात. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मंडळी मला मॅडम म्हणतात. नंदू वेल्डर आहे, गेट-ग्रिल बनवतो. कुमरे वनरक्षक. आणि आमचे अध्यक्ष वासुदेवभाऊ, एस.टी.चे रिटायर कंडक्टर. त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत आमचा लेआउट आहे: वडसा, आरमोरी, मग जंगल, मग गडचिरोली. आम्हाला जवळचं खरं स्टेशन म्हणजे वडसा. तिथून इकडे येणारी लाइन होते आहे म्हणतात, होईल. आमची केव्हाच सुरू झाली!

भाऊंची शपथ आधी सांगते. तरुणपणी चार मित्रांत त्यांनी जाहीर केलं होतं, "मी रेल्वेत बसीन तं गडचिरोलीच्या स्टेशनावरूनच!" तेव्हापासून भाऊ रेल्वेत बसलेले नाहीत. त्यांच्या पायी सुमनबाईही नाहीत, बायको एकटी कुठे जाणार? मुलगी पुण्याला, तिच्याकडे दोघं बसनेच जायचे. मग भाऊंची कंबर गेली आणि डॉक्टरांनी लांबची बस बंद केली. नेमकं तेव्हाच मुलीने घर घेतलं. फोनवर म्हणाली, "बाबा, कुलूप तुमच्याच हातानं उघडाचं हाये. आता तरी रेल्वेनं या."

"शपथ म्हंजे शपथ," भाऊ म्हणाले.

स्वयंपाकघरात सुमनबाईंची भांडी जरा जोरात वाजली.

*

लेआउटच्या रुळाखाली बारीक खडी लागते. नंदूने डोकं लावलं आणि राइस मिलमधून तांदळाची कणी आणली, चुलीच्या राखेत घोळवली आणि पसरली. दिसायला एक नंबर! आम्ही फोटो काढले, एकमेकांची पाठ थोपटली आणि खोलीला कडी लावून घरी गेलो.

पुढच्या रविवारी पाहतो तर आरमोरीपासून जंगलापर्यंत रूळ अधांतरी! उंदरांनी अख्खी लाइन फस्त केली होती.

"मॅडम, तुमी तं विज्ञानाच्या. तुमाले नाई समजलं?" नंदू माझ्यावरच उलटला.

सुमनबाई दारातून म्हणाल्या, "आपल्या झाडीपट्टीत तांदूळ सांडून वर रूळ टाकते काय कोनी? उंदीर तुमचे पाहुने होते का?"

मग गिट्टीची चुरी आणून चाळली. ती आजही जागेवर आहे. बाईंची पिठाची चाळणी मात्र त्यात कामी आली!

*

भाऊंची कंबर धड होती तेव्हाची गोष्ट. अहेरीच्या बाजारात भंगारवाल्याकडे त्यांना चावीचं जुनं टिनाचं इंजिन मिळालं. ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसले आणि कंडक्टरला म्हणाले, "याचं लगेज काट."

"भाऊ, खेळनं हाये ते."

"खेळनं नोय, इंजिन हाये! काट!"

अर्धी बस कंडक्टरच्या बाजूने, अर्धी भाऊंच्या. शेवटी बिचाऱ्याने हात जोडून लगेज फाडलं. ते तिकीट आता इंजिनाशेजारी काचेत आहे. कोणी आलं की भाऊ छाती फुगवून सांगतात, "गडचिरोलीत पहिलं इंजिन कशानं आलं? एस.टी.नं!"

*

भाऊ गाडी चालवत नाहीत, सोडतात. लेआउटवर दोरी बांधून त्यांनी एस.टी.ची घंटी लावली आहे. डबल बेल झाल्याशिवाय डबा हलत नाही. कुमरेंनी सांगून पाहिलं, "भाऊ, रेल्वेत शिट्टी रायते." भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शाळेच्या प्रदर्शनात आम्ही लेआउट मांडला. एक्सप्रेस जंगलातून निघाली होती, समोर उभ्या एका चिमुरडीने गाडीला हात केला. टिंग! गाडी थांबली.

"भाऊ, एक्सप्रेस आहे ही!" मी कुजबुजले.

"मॅडम, सवारीनं हात दाखवला. सोडून जाऊ काय?"

मग काय, पोरांची रांगच लागली. एक्सप्रेसला वडस्याला पोचायला दुपार झाली! पण गर्दी सगळी आमच्या टेबलावर, आणि पहिलं बक्षीसही आमचंच.

*

कुमरेंनी आमच्या जंगलात पाटी लावली आहे, 'वन्यप्राणी क्षेत्र, गाडी हळू'. नंदूने नवं इंजिन आणलं त्या दिवशी त्याला वेगाचं रेकॉर्ड करायचं होतं. गाडी सुसाट जंगलात शिरली आणि छतावरून पाल थेट रुळावर पडली. कुमरेंनी झेप घेऊन मेन स्विचच बंद केला. पाल वाचली, रेकॉर्ड गेलं.

"एका पालीसाठी?" नंदू ओरडला.

"सवय पालीपासूनच लागते बाप्पा!"

आता त्या वळणावर सगळ्यात हळू गाडी नंदूची असते.

*

एका रविवारी नंदू टेप घेऊन भाऊंच्या खुर्चीभोवती घुटमळत होता.

"काऊन मोजून राह्यला बे?"

"गेट बनवाचा हाये."

मग तो रविवारी येईनासा झाला. विचारलं की म्हणायचा, "ऑर्डर हाये."

एका सकाळी आम्ही भाऊंना मागच्या अंगणात नेलं. आंब्याभोवती लोखंडी पट्टीचे रूळ, रुळांवर बॅटरीचं इंजिन, मागे एक माणूस ऐसपैस बसेल असा डबा. आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'गडचिरोली'.

भाऊंनी रूळ हाताने चाचपले. मग मान हलवली. "हे काई खरी रेल्वे नोय."

कुमरे पुढे झाले. "रूळ हायेत?"

"हायेत."

"इंजिन?"

"हाये."

"स्टेशन कोनतं?"

भाऊंनी पाटी वाचली. मोठ्याने नाही.

"मंग? खेळन्यातली चालनार नाई, असं शपथेत होतं काय?"

भाऊ हसले. चपला काढल्या आणि डब्यात बसले. नंदू खटक्यावर हात ठेवून उभाच.

"सोड ना बे!"

"घंटी नाई झाली, भाऊ."

दोरी तर खोलीत होती. भाऊंनी मान ताठ केली आणि तोंडानेच जोरात म्हटलं, "टिंग टिंग!"

गाडी सुटली! आंब्याला वळसा घालताना भाऊंनी आम्हाला हात केला. आम्ही टाळ्या पिटत होतो आणि मी रडत होते. त्यात लाज कसली!

गाडी गडचिरोलीला परत लागली. पाटीखाली सुमनबाई उभ्या होत्या. अंगावर नवं लुगडं, एका हातात भरलेली बॅग, दुसऱ्या हातात भाऊंच्या चपला.

"झाली ना शपथ पुरी?" त्या म्हणाल्या. "उतरा लवकर, पोरीचं कुलूप उघडाचं हाये. वडस्याची बस सुटून राह्यली!"