फक्त लेडीजसाठी

"आजी, बोर्ड इंग्लिशमध्ये आहे. इंग्लिश तुम्ही शिकवता. तुम्हीच वाचा आणि तुम्हीच ठरवा," गुंजाळ साहेब म्हणाले.

गुंजाळ साहेब म्हणजे आमच्या सावेडीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी. हॉलच्या दारावर त्यांनी नवाकोरा बोर्ड लावला होता: 'ओन्ली फॉर लेडीज ऑफ धिस सोसायटी'.

"वाचला," मी म्हणाले. "पुढं?"

"पुढं काय? तुमच्या वर्गातल्या निम्म्या बाया सोसायटीच्या नाहीत. कामाला येणाऱ्या आहेत. त्यांनी उद्यापासून हॉलमध्ये बसायचं नाही."

"कुणी ठरवलं?"

"कमिटीला तेवढी ऑथॉरिटी आहे."

"हा शब्द ए पासून सुरू होतो, साहेब. ए ची पानं माझ्याकडं न्हाईत."

आत बसलेल्या बायका फसकन हसल्या. मंगल तेवढी हसली नाही. मंगल गुंजाळ साहेबांच्याच घरी स्वयंपाकाला आहे. ती चपला हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती. आत यावं की जिना उतरावा, ते तिचं ठरत नव्हतं.

हे भांडण कसं मिटलं ते सांगणारच आहे. पण बायकांना इंग्लिश शब्द शिकवायला बसलं की किस्से आपोआप साठतात. मेथी निवडताना काड्यांचा ढीग बाजूला होतो ना, तसे. आणि या भांडणाचा शेवट त्या ढिगातच आहे, म्हणून आधी तो उपसते. एवढं सांगून ठेवते की वर्ग अजून त्याच हॉलमध्ये भरतो, आणि त्या बोर्डाची मागची बाजू कोरी निघाल्यामुळं आम्ही आता तिच्यावर शब्द लिहितो.

*

आधी ए च्या पानांचं.

माझं शिक्षण कुठल्या कॉलेजात झालेलं नाही. देवळाली प्रवराला आमचे मालक साखर कारखान्यात कामाला होते. मी डबा घेऊन जायचे आणि ते बाहेर येईपर्यंत गेटवरच्या पाट्या वाचत उभी राहायचे. माझा पहिला इंग्लिश शब्द 'डेंजर'. माझ्या सूनबाई म्हणतात, तेव्हाच लोकांनी समजून घ्यायला हवं होतं.

पुढं रद्दीवाल्याकडं एक जाडजूड डिक्शनरी मिळाली. शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द कुठल्या देशातून, कुठल्या भाषेतून चालत आला तेही लिहिलेलं. फक्त पुढची पानं फाडलेली होती. शेजारच्या भेळवाल्यानं ए चं अख्खं अक्षर पुड्यांना वापरलं होतं. त्यामुळं माझी इंग्लिश बी पासून सुरू होते. वर्गात नवीन बाई आली की जुन्या तिला आधीच सांगून ठेवतात, "बाईंना ॲपल विचारू नको. चिडतात."

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर 'शुगर' लिहिलं. नगर जिल्ह्यातल्या बाईला यापेक्षा जवळचा शब्द कुठला असणार?

म्हटलं, हा शब्द गोऱ्यांचा नाही. आपली शर्करा इथून निघाली, इराणात गेली, अरबांकडं राहिली, तिथून युरोपात शिरली आणि फिरत फिरत इंग्लंडात जाऊन 'शुगर' झाली.

सुमन आमच्या गेटवर भाजीची गाडी लावते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "गेली तवा गोड हुती, बाई. परत आली ती रोग हून आली. आमच्या सासूला शुगर, दिराला शुगर."

मी खडू खाली ठेवला.

*

'ब्रेकफास्ट'चा अर्थ बायकांनी स्वतःच लावून ठेवला होता. फास्ट म्हणजे जलद, ब्रेक म्हणजे मोडणं. सकाळी घाईघाईत पोळी मोडून खायची, तो ब्रेकफास्ट. खरं सांगायचं तर आमच्याकडच्या सकाळी बघितल्या तर अर्थ चुकीचा नाही.

मी सांगितलं, यातला फास्ट म्हणजे उपवास. रात्रभराचा उपवास सकाळी सोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट. उपवास हा शब्द निघाल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. इंग्लिशमध्ये पहिल्यांदाच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात संकष्टी होती. सुमनचा पुण्याचा जावई सकाळी सासुरवाडीला उतरला. चांगला कंपनीत आहे. त्यानं विचारलं, "मामी, ब्रेकफास्ट झाला का?"

"न्हाई बाबा," सुमन म्हणाली. "चंद्र उगवायचाय अजून."

*

रेखा आमच्या वॉचमनची बायको. नवरा धडधाकट, त्यात जिमला जायला लागलेला. मी वर्गात सांगितलं की 'मसल' या शब्दाचा मूळ अर्थ छोटा उंदीर. लॅटिन लोकांना दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी रेखाचा नवरा मला जिन्यात आडवा आला. "आजी, तुमी माझ्या बायकोला काय शिकीवलं? मी नुसता शर्ट काढला की ती मांजरीला हाक मारती."

*

निवडणुकीत एक उमेदवार आमच्या पार्किंगमध्ये आले होते. पांढराशुभ्र झब्बा, पांढरी पँट, पांढरे बूट. वर्ग नुकताच सुटला होता, म्हणून ते आमच्याच घोळक्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्याच दुपारी मी शिकवलं होतं की 'कॅन्डिडेट' म्हणजे पांढऱ्या कपड्यातला. रोमन लोक मतं मागायला निघताना अंगरखा खडूनं पांढरा करायचे.

मी ते उमेदवारांना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "बघा ताई, हजारो वर्षांची परंपरा चालवतोय आम्ही."

रेखा चार घरची धुणी धुते. ती म्हणाली, "पांढरं हाय ते दिसतंय, दादा. धुतंय कोन?"

उमेदवार पुढच्या सोसायटीकडं वळले.

*

आता मुंगूस.

सुमनचं माहेर भंडारदऱ्याकडचं. भाऊ पाण्याच्या काठाला पर्यटकांसाठी तंबू लावतो. सुमन मे महिन्यात तिकडं गेली असताना एक गोरा पाहुणा उतरला होता. सकाळी दोघं तंबूबाहेर बसलेले, आणि समोरून मुंगूस पळालं. गोऱ्यानं बोट दाखवलं आणि म्हणाला, "मंगूस."

"व्हय, मुंगूसच," सुमन म्हणाली. "लई हायत हिकडं. काल खुराड्यात शिरलं हुतं."

गोऱ्यानं मान हलवली. मग सुमननं त्याला कोंबड्यांचं सांगितलं, भाजीच्या गाडीचं सांगितलं, नवऱ्याच्या गुडघ्याचं सांगितलं, सासूच्या शुगरचं तर सविस्तर सांगितलं. तो मान हलवत राहिला. शेवटी ती भावाला म्हणाली, "मानूस लई साधा हाय. मराठी चांगलं येतं, पन बोलतो कमी."

वर्गात हे ऐकून बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सुमन रुसली. मी म्हटलं, थांबा. डिक्शनरी उघडली, एम काढला. 'मंगूस', आणि पुढं लिहिलेलं की हा शब्द मराठीतून घेतला. त्या जाड पुस्तकात लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांची दाटी. आपल्या भाषेचं नाव मी पूर्वी एकदा त्यात बघितलं होतं, तेव्हा कितीतरी वेळ बोट तिथून उचललं नव्हतं. आता तिथंच सगळ्यांनी पाळीपाळीनं आपापलं बोट ठेवलं.

सुमननं सगळ्यात शेवटी ठेवलं. मग वर बघून म्हणाली, "मंग हसत काय हुत्या? त्यो मराठीच बोलला की."

*

मंगल वर्गाला आली ती तिच्या लेकीमुळं. लेक इंग्लिश मीडियमला आहे. पालक मीटिंगला मंगल मागच्या बाकावर बसायची, टीचर बोलतील त्याला मान हलवायची आणि घरी येऊन लेकीलाच विचारायची, "तुझ्याबद्दल काय म्हनल्या?" लेक सांगायची, "हुशार आहे म्हणाल्या." वर्षभर हुशारच होती.

एका मीटिंगला टीचर मंगलच्या लेकीबद्दल बोलायला लागल्या. मंगलला या वेळी दोन शब्द कळले: 'प्लेइंग' आणि 'डेली'. ती मागच्या बाकावरून उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं आमच्या वर्गातला एक शब्द पाठ करून ठेवला होता, तो सगळा एका दमात म्हटला.

"मॅडम. स्कूल. ओल्ड मीनिंग, फ्री टाईम. ग्रीक."

आणि खाली बसली.

टीचर चांगल्या होत्या. हसल्या, आणि गडबडीत मराठीत बोलून गेल्या, "अहो, खरंच का?" मंगल म्हणाली, "खरंच. पन पोरगी अभ्यास करत न्हाई ते मला मराठीत सांगा, म्हंजे घरी गेल्यावर बघते." मग बाकीचे पालकही म्हणाले, आम्हालाही मराठीत सांगा. तेव्हापासून त्या वर्गाची मीटिंग मराठीत होते.

मंगलचं म्हणणं मात्र वेगळं आहे. "बाई, मला त्यांच्यासंगं इंग्लिशमध्येच बोलायचंय. पुढच्या बाकावर बसून." बोर्ड लागला तेव्हा पुढची मीटिंग महिन्यावर आली होती. आता कळलं ना, ती उंबऱ्यावर चपला घेऊन कशी उभी असेल?

*

ढिगातली शेवटची काडी.

'लेडी' या शब्दाचा मूळ अर्थ पीठ मळणारी. जुन्या इंग्लिशमध्ये घरात जी ब्रेडची कणीक मळायची ती लेडी, आणि ब्रेड राखायचा तो लॉर्ड. मी हे सांगितलं तेव्हा रेखानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. बोटांना भाकरीचं पीठ होतं. म्हणाली, "मंग मी जन्मापास्नं लेडी हाय, आन् मला कुनी सांगितलंच न्हाई."

गुंजाळवहिनी पण वर्गाला येतात. त्यांनी घरी जाऊन हे साहेबांना सांगितलं. साहेबांना शब्द फार आवडला. इतका आवडला की सोसायटीच्या हळदीकुंकवाला त्यांनी माईक हातात घेतला. "भगिनींनो, लेडी म्हणजे पीठ मळणारी. हे इंग्रजांनीही मान्य केलंय. जी स्वतः कणीक मळते ती लेडी. जी मळत नाही, ती नुसती बाई. तेव्हा नोकरी करा, स्कूटर चालवा, पण स्वयंपाकघर विसरू नका."

टाळ्या पुरुषांकडून आल्या. वहिनी बँकेत होत्या, वरच्या जागेवरून रिटायर झाल्या. त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मंगल मागं मसाला दुधाचे पेले भरत होती. ती एक क्षण थांबली, आणि परत भरायला लागली.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. सूनबाईंना तर वाटलं माझी तब्येत बिघडली. पण असं वाक्य ऐकलं की लगेच उत्तर देऊन वाया घालवायचं नसतं. ते जपून ठेवायचं असतं.

*

तर आम्ही दारात उभे. बोर्ड दारावर, मंगल उंबऱ्यावर, चपला तिच्या हातात.

"आजी, मला वाद घालायचा नाही," गुंजाळ साहेब म्हणाले. "स्वच्छ लिहिलंय. लेडीज. या सोसायटीच्या. बाकीच्यांनी समजून घ्यावं."

मंगल म्हणाली, "जाऊ द्या, बाई. मी खाली पार्किंगमदी बसून ऐकते. खिडकी उगडी ठेवा."

"चपला खाली ठेव," मी तिला म्हणाले. मग साहेबांकडं वळले. "बोर्ड मला मान्य हाय. अगदी शब्दाप्रमाणं पाळू. फक्त एक सांगा. या सोसायटीत, तुमच्या घरी, कणीक कोण मळतं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

साहेबांना संबंध कळला नव्हता. आतल्यांना कळला. एक खुर्ची करकरली.

"मंगल मळते," आतून गुंजाळवहिनींचा आवाज आला. "सकाळची पण आणि संध्याकाळची पण. मी लग्नापासून कणकेला हात लावलेला नाही, आणि हे यांना चांगलं माहितीय." एवढं बोलून त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि उठून उभ्या राहिल्या. चेहरा असा की जणू त्यांना बक्षीस घ्यायला स्टेजवर बोलावलंय.

गुंजाळ साहेबांनी बोर्डाकडं बघितलं, मग बायकोकडं, मग मंगलकडं.

मी दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "मग साहेब, तुमच्याच भाषणाप्रमाणं तुमच्या घरातल्या लेडीला आत येऊ द्या, आणि नुसत्या बाईला बाहेर बोलवा."