कडेची माणसं

बाबांनी उभा जन्म एका नावाजलेल्या दिग्दर्शकाचे चित्रपट अभ्यासण्यात घालवला. त्या दिग्दर्शकाचं मुख्य पात्र नेहमी पडद्याच्या अगदी कडेला उभं असतं. म्हणून टीव्हीवाल्यांनी चित्राच्या कडा कापल्या की बाबा घर डोक्यावर घेतात. "गाढवांनो, सिनेमाचा जीवच कापलात!" ही बोंबाबोंब ऐकून आमचे कान किटलेत. आई मुकाट्याने चहा ठेवून जाते.

काल त्यांनी आमच्या कुटुंबाचा जुना फोटो भिंतीवर लावला. फ्रेममध्ये मावेना, म्हणून स्वतःच कात्रीने कापलेला. तो बघून माझं टाळकंच सरकलं.

"बाबा, यात आई कुठाय?" मी ओरडले.

"अगं, ती कडेला होती," बाबा वैतागून म्हणाले. "तुझ्या खांद्यावर हात दिसतोय की तिचा!"