ॲन आर्बरमधली तांब्याची सरस्वती

डेट्रॉइटला उतरलो तो २००४चा ऑक्टोबर होता. ॲन आर्बरला जाताना गाडीतच नीलेशने, माझ्या मुलाने, प्रेमाने ताकीद दिली, "बाबा, कोणी विचारलं तर मेटल बिझनेस होता म्हणा. उगाच एक्स्प्लेन करत बसावं लागतं." चाळीस वर्षं पुण्यात तांबं ठोकलं, त्याचं हे नवं बारसं. मनाला लागलं.

चार दिवस झाडांचे रंग पाहिले, सुनेच्या हातची थालीपिठं खाल्ली आणि एकदा चुकीच्या बसने गावाबाहेर फिरून आलो. रविवारी नीलेशने जुन्या वस्तूंच्या बाजारात नेलं. एका अमेरिकन बाईंकडे जुनी जपानी तांब्याची फुलदाणी होती. तिच्यावर लाटांत बसलेली देवी, मांडीवर वाद्य. नाव बेंतेन.

"ही तर आपली सरस्वती," मी म्हणालो. नीलेशने ते इंग्रजीत सांगितल्यावर बाईंनी मान डोलावली. ही देवी भारतातूनच जपानला गेली म्हणे. मूर्ती मात्र वेगळी घडवून वर डाक देऊन (झाळून) बसवलीय, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे भांडं वाजवून घेतात. माझा हात गेलाच. टकटक केलं तशा बाई दचकल्या आणि नीलेशने माझं मनगट धरलं. पण नाद खणखणीत होता. डाक दिलेलं भांडं असं वाजत नाही, बद्द वाजतं.

"त्यांना सांग, हे एकाच पत्र्याचं आहे. देवी आतून ठोकून उठवलीय."

तो जरा घुटमळला, पण त्याने सांगितलं. बाईंनी टॉर्च आणून आत पाहिलं. बाहेर जिथे देवीचा गुडघा, तिथे आत खळगा होता. अंगावर मठारकामाच्या (हातोडीच्या ठोक्यांच्या) खुणाही अगदी आमच्यासारख्या. त्या अनोळखी जपानी कारागिराचा मला फार अभिमान वाटला.

हे यांना कसं कळलं, असं बाईंनी विचारलं. नीलेशने माझ्याकडे पाहिलं.

"माय फादर इज अ कॉपरस्मिथ."

मग पत्रा कसा तापवतात, किती वेळा तापवतात, कुठली हातोडी कधी घेतात, हे तो न अडखळता सांगत सुटला. शाळेत असताना तो दुकानात पुस्तकात डोकं घालून बसायचा. त्याचं लक्ष आमच्याकडे कधी असायचं, कोण जाणे.

परतीच्या विमानात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी तांबट असल्याचं सांगितलं. मुलगा काय करतो, हेही त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये आहे," मी म्हणालो, "पण तांब्यातलं सगळं कळतं त्याला."